विकर, चय, अपचय: जीवरसायनाचे शब्द उलगडताना

दोन पातेल्यांत सारखेच पाणी आणि सारखेच पीठ घेऊन नाचणीची पेज करावी. एकात साध्या नाचणीचे पीठ घ्यावे आणि दुसऱ्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे. दोन्ही पिठे गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहिले, तर पहिली पेज उकळी येण्याआधीच घट्ट होऊ लागते, पळी जड जाते, आणि निवल्यावर तिची खळ होते. दुसरी पेज तेवढ्याच पिठाची असूनही पातळ राहते आणि गूळ न घालताही जिभेला किंचित गोड लागते. लहान बाळाला वरचे अन्न सुरू करताना मोडाच्या नाचणीचे पीठ वापरण्याची आपल्याकडची जुनी रीत याच फरकावर उभी आहे, कारण बाळाच्या लहानशा पोटात घट्ट पेज दोन चमचेच जाते, तर पातळ पेजेतून त्याहून जास्त धान्य जाऊ शकते.

जीवरसायनशास्त्राचा शब्दसंग्रह शिकायला मला या दोन पातेल्यांइतकी चांगली जागा दुसरी दिसत नाही. पिठातला मुख्य पदार्थ म्हणजे पिष्ट, आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकाला एक जोडून झालेल्या लांब साखळ्या. गरम पाण्यात या साखळ्या पाणी धरून फुगतात, म्हणून पेज दाटते. दाण्याला मोड येतो तेव्हा कोवळ्या अंकुराला खायला हवे असते, आणि साखळीच्या रूपातले पिष्ट त्याला तसेच वापरता येत नाही. म्हणून दाणा स्वतःच एक कातरी तयार करतो. तिचे नाव अमायलेज. पेज हळूहळू तापत असताना ही कातरी पिष्टाच्या साखळ्या जागोजागी तोडते, तुकडे लहान झाल्यामुळे पेज दाटत नाही, आणि त्यांतले काही तुकडे माल्टोज नावाच्या साखरेचे असल्यामुळे ती गोड लागते. तेच पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले किंवा आधी फार भाजून घेतले, तर हा परिणाम बराच कमी होतो, कारण अमायलेज हे प्रथिन आहे आणि जास्त उष्णतेने त्याची घडी मोडते.

अमायलेजसारख्या पदार्थाला मराठीत विकर म्हणतात. ‘विकार’, ‘विक्रिया’ आणि ‘विकर’ या तिन्ही शब्दांत ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘कृ’ हा धातू दिसतो, आणि तिन्हींत बदलाचा अर्थ आहे. विकर म्हणजे बदल घडवणारे. त्याचा विशेष असा की ते बदल घडवते, पण त्या बदलात स्वतः खर्ची पडत नाही, त्यामुळे एकच रेणू तेच काम पुन्हा पुन्हा करत राहतो. विकराअभावीही ती विक्रिया, म्हणजे तो रासायनिक बदल, होऊ शकली असती, मात्र शरीराला परवडणार नाही इतक्या संथपणे. लिहिताना एका काना-मात्रेची काळजी मात्र घ्यावी लागते: ‘विकरांची कमतरता’ आणि ‘विकारांची कमतरता’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि छापील मजकुरातही ही चूक आढळते.

इंग्रजीतला एंझाइम हा शब्द व्हिल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने १८७७ च्या सुमारास ग्रीक शब्दांपासून घडवला. त्याचा अर्थ ‘खमिरातले’ असा होतो. त्याआधी, १८३३ मध्ये, पायें आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून पिष्टाची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला होता, म्हणजे आपल्या दुसऱ्या पातेल्यात जे घडते त्याच्या मुळाशी असलेला पदार्थ. त्यांनी त्याला डायास्टेज म्हटले, आणि त्या नावाच्या शेपटावरून पुढे विकरांच्या नावाला ‘एज’ लावायची पद्धत पडली. दुधातल्या लॅक्टोजवर काम करणारे लॅक्टेज, स्निग्ध पदार्थांवर म्हणजे लिपिडांवर काम करणारे लायपेज, प्रथिनांवर काम करणारे प्रोटिएज. शेवटी ‘ओज’ आले की साखर किंवा तिची साखळी, आणि ‘एज’ आले की बहुधा विकर, एवढे लक्षात ठेवले तरी अनोळखी नावांचे निम्मे भय जाते. पेप्सिन, ट्रिप्सिन ही जुनी नावे या नियमाआधीची असल्यामुळे त्यात बसत नाहीत.

खमिराचा संबंध मराठीतही आला आहे. किण्वन या शब्दातला ‘किण्व’ हा संस्कृतात मद्य आंबवण्यासाठी घालायच्या पदार्थाचा शब्द आहे. घरात आपण आंबवणे म्हणतो, आणि दुधाला विरजण लावतो तेव्हा जिवाणू लॅक्टोजचे लॅक्टिक आम्ल करतात, ही किण्वनाचीच एक तऱ्हा आहे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ असा वाद चालला की किण्वनाला जिवंत पेशी लागतेच की नाही. १८९७ मध्ये एदुआर्द बुखनरने यीस्ट रगडून, पिळून, गाळून घेतलेला रस साखरेत घातला, आणि एकही जिवंत पेशी नसताना साखर आंबली. जिवंतपणाचा मक्ता समजली गेलेली क्रिया निर्जीव रसात घडू शकते हे दाखवल्याबद्दल त्याला १९०७ चे नोबेल मिळाले, आणि जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र संसार खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

आता चयापचय. हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की तो दोन शब्दांचा जोड आहे हे विसरतो. चय म्हणजे साठणे, रचले जाणे. संचय, समुच्चय यांतला तोच चय. अपचय म्हणजे त्याच्या उलट, घट होणे. लहान रेणूंपासून मोठे रेणू रचणे हा चय, आणि मोठ्यांचे लहान करून त्यातून ऊर्जा मोकळी करणे हा अपचय. पेशीत या दोन्ही गोष्टी सतत चालू असतात म्हणून चयापचय. इंग्रजीतल्या मेटाबॉलिझमच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘बदल’ असा आहे. मराठी शब्द त्याहून जास्त सांगतो आणि बदलाच्या दोन्ही दिशा दाखवतो. हिंदीत चयासाठी उपचय आणि एकूण प्रक्रियेसाठी उपापचय हे शब्द रूढ आहेत, त्यामुळे हिंदी पुस्तके वाचून मराठीत लिहिणाऱ्यांच्या लेखनात दोन्ही शब्दांची सरमिसळ होते.

या शब्दाभोवती दोन गैरसमज इतके घट्ट बसले आहेत की त्यांना थोडी जागा द्यायला हवी. पहिला म्हणजे अपचय आणि अपचन यांची गल्लत. अपचन म्हणजे अन्न नीट न पचणे. त्यातला ‘अ’ नकार दाखवतो. अपचय हा कसलाही बिघाड नव्हे. तो थांबला तर माणूस जगणार नाही. याच गल्लतीतून पचन आणि चयापचय एकच मानले जातात. वास्तविक पचन मुख्यतः अन्नमार्गाच्या पोकळीत होते, आणि त्याचे काम अन्नाचे रेणू आतड्याच्या भिंतीतून आत जाण्याइतके लहान करणे एवढेच आहे. चयापचय त्यानंतर पेशींच्या आत होते. उत्तम पचन असलेल्या माणसाच्या चयापचयात दोष असू शकतो. मधुमेह हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण.

दुसरा गैरसमज म्हणजे चयापचय हा एखाद्या पंख्यासारखा वाढवता येणारा वेग आहे असे समजणे. ‘मेटाबॉलिझम वाढवणारे’ काढे आणि चूर्णे यावरच खपतात. शरीर पूर्ण विश्रांतीत असताना हृदय, यकृत, मूत्रपिंडे, मेंदू यांना चालू ठेवण्यासाठी जी ऊर्जा लागते, तिला आधारभूत चयापचय म्हणतात, आणि बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग हाच असतो. एकट्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीतल्या खर्चात त्याचा वाटा सुमारे २० टक्के. या खर्चाची पातळी बरीचशी शरीराचे आकारमान, स्नायूंचे प्रमाण, वय आणि अवटु ग्रंथीचे म्हणजे थायरॉइडचे संप्रेरक (हॉर्मोन) यांवर ठरते. चिमूटभर दालचिनीने ती लक्षणीय बदलेल असे मानायला आधार नाही, आणि ज्याची थायरॉइड ग्रंथी खरोखरच मंदावली आहे त्याला चूर्णाची नव्हे तर तपासणीची गरज असते.

कर्बोदक हा मला जीवरसायनातला सर्वांत देखणा मराठी शब्द वाटतो. कर्ब म्हणजे कार्बन आणि उदक म्हणजे पाणी. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट, म्हणजे पाण्यातल्याच प्रमाणात. म्हणून सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांना साखर म्हणजे कार्बनशी संयोग पावलेले पाणी वाटले आणि त्यांनी तसे नाव दिले. प्रत्यक्षात त्या रेणूत पाणी पाणी म्हणून कोठेही नसते, अणू वेगळ्याच रीतीने जोडलेले असतात. नाव चुकीच्या समजुतीतून आले, पण त्यातले प्रमाण खरे आहे. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) हाही असाच नेमका शब्द आहे. १८९८ मध्ये कार्ल बेंडाने पेशीतल्या या सूक्ष्म अंगांना ग्रीकमधले धागा आणि कण हे शब्द जोडून नाव दिले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ती कधी धाग्यासारखी तर कधी कणांसारखी दिसत. मराठीने तो जोड जसाच्या तसा उतरवला.

ग्लुकोजचा अपचय टप्प्याटप्प्याने होतो. पेशीद्रव्यात १० पायऱ्यांमध्ये त्याचे दोन तुकडे होतात, प्रत्येक तुकडा ३ कार्बनांचा. याला ग्लुकोज-विघटन म्हणतात. हे तुकडे म्हणजे पायरुविक आम्ल तंतुकणिकेत जाते, तिथे त्याचा एक कार्बन गळतो, आणि उरलेला दोन कार्बनांचा भाग एका चक्रात शिरतो. हान्स क्रेब्जने १९३७ मध्ये उलगडलेल्या या चक्रात पहिल्याने तयार होणारा पदार्थ म्हणजे लिंबाला आंबटपणा देणारे सायट्रिक आम्ल, म्हणून त्याला सायट्रिक आम्ल चक्र असेही नाव आहे. चक्र म्हणायचे कारण असे की शेवटी जो रेणू उरतो तोच पुढच्या फेरीला पहिला लागतो. शेवटच्या टप्प्यात हायड्रोजनाचे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जाऊन ऑक्सिजनाला मिळतात आणि पाणी होते; आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन प्रामुख्याने या एका जागी खर्च होतो.

या सगळ्यातून जे हाती येते ते एटीपी, म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते शोधले. सुब्बाराव हे मूळचे आंध्रातल्या भीमवरमचे. पाठ्यपुस्तके एटीपीला ऊर्जेचे चलन म्हणतात, आणि ही उपमा नीट समजून घेतली तर उत्तम आहे. चलन साठवून ठेवायचे नसते, फिरवायचे असते. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी थोडेच असते, पण तेच रेणू दिवसभर वापरले आणि पुन्हा भरले जात राहतात, इतके की दिवसाची उलाढाल माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास जाते. साठा वेगळा असतो: थोडा ग्लायकोजेनच्या म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्यांच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत, बाकीचा मेदाच्या रूपात. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात असे जुन्या पाठ्यपुस्तकांत पाठ करून घेतले जाई. आता हा आकडा ३० ते ३२ मानला जातो. ‘फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्यही सावधपणे वाचावे, कारण बंध तोडायला ऊर्जा लागतेच. ऊर्जा मिळते ती तुटल्यानंतर होणारे पदार्थ मूळच्यापेक्षा स्थिर असल्यामुळे.

रक्तातली साखर किती असते, याचा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते, आणि उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमध्ये साधारण ९० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार केला तर साडेचार ग्रॅम येतात, म्हणजे चहाचा एक चमचा. संबंध शरीरातल्या रक्तात फक्त एक चमचा साखर, आणि ती रात्रभर उपास असो की पुरणपोळीचे जेवण असो, जवळपास तेवढीच ठेवायची. हे काम संप्रेरकांचे. १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंगने ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून हॉर्मोन हा शब्द वापरात आणला, आणि आपला संप्रेरक शब्द नेमके तेच सांगतो. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते, पेशींना ग्लुकोज आत घ्यायला आणि यकृताला ग्लायकोजेन रचायला सांगते, म्हणजे चयाची बाजू धरते. उपाशीपणी ग्लुकागॉन यकृताला तोच साठा फोडायला लावते. इन्शुलिन हा शब्द लॅटिनमधल्या ‘बेट’ या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण ते स्वादुपिंडातल्या लँगरहान्सची बेटे म्हटल्या जाणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांत तयार होते.

हा तोल सुटला की मधुमेह होतो. मेह हा शब्द मूत्रविसर्जनाच्या धातूपासून आला आहे, त्याचा मेदाशी संबंध नाही, आणि मधुमेह म्हणजे मधासारखे गोड मूत्र. त्याला मुंग्या लागतात ही नोंद प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांत आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी या तपासणीमागे मात्र कोणताही विकर नाही. ग्लुकोज तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला आपसूक चिकटत जाते, तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली यावरून गेल्या काही आठवड्यांचा अंदाज येतो. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दोन दिवसांचे पथ्य तिला फसवू शकत नाही. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आकडा मधुमेहाकडे बोट दाखवतो.

प्रथिनांच्या बाबतीत एकच शब्द थांबून पाहण्यासारखा आहे, तो म्हणजे ‘आवश्यक अमिनो आम्ल’. आपल्या प्रथिनांत २० प्रकारची अमिनो आम्ले असतात आणि त्यांपैकी ९ आवश्यक म्हटली जातात. याचा अर्थ बाकीची ११ अनावश्यक असा नव्हे. शरीराला विसांचीही गरज असते. ‘आवश्यक’ याचा अर्थ इथे ‘आहारातून मिळणे आवश्यक’ इतकाच, कारण ती शरीराला स्वतः घडवता येत नाहीत. तांदळात लायसिन कमी असते आणि डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी असते आणि तांदळात त्या मानाने बरे. वरणभाताने दोन्ही बाजू भरतात. जीवनसत्त्व या शब्दाने तर मूळ शब्दातली चूक टाळली. कासिमिर फुंकने १९१२ मध्ये ही द्रव्ये अमाइन या वर्गातली आहेत असे समजून व्हिटामिन हा शब्द घडवला, पुढे त्यांतली बरीच अमाइन नसल्याचे कळले, आणि १९२० मध्ये त्या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे ‘e’ गाळून तडजोड करावी लागली. ‘सत्त्व’ शब्द मात्र सगळीकडे एकाच अर्थाने घेऊ नये: जीवनसत्त्वे मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, तर नाचणी भिजवून, वाटून, गाळून आणि खाली बसवून काढलेले सत्त्व मुख्यतः पिष्ट असते, आणि तंतुमय भाग चोथ्याबरोबर निघून जातो.

शब्द मराठी घ्यावा की इंग्रजी, या वादात माझे मत साधे आहे. जिथे मराठी शब्द फोडल्यावर अर्थ दिसतो तिथे तो घ्यावा. आम्लाचा शत्रू म्हणून आम्लारी, हा शब्द सोडून बेस म्हणण्याने काही मिळत नाही. जिथे नुसते नामकरण आहे, तिथे ग्लुकोज, इन्शुलिन, पायरुविक हेच राहू द्यावे. अडचण होते ती मराठीतल्याच दोन परिभाषांची: विश्वकोशात विक्रिया, तर शाळेच्या पुस्तकात अभिक्रिया. दोन्ही शब्द चांगले आहेत, पण एकाच लेखात दोन्ही आले तर वाचक त्या दोन वेगळ्या गोष्टी समजतो.

प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की हे सारे शब्द एकदम समोर येतात. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतले विकर आहे. रक्तात ते वाढले याचा अर्थ यकृत जास्त काम करते असा नसून, यकृताच्या पेशींना इजा होऊन त्यांच्यातला माल बाहेर झिरपतो आहे असा असतो. क्रिएटिनिनच्या मुळाशी ‘मांस’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, कारण ते स्नायूंतल्या क्रिएटिनपासून रोज ठरावीक मात्रेत होते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. म्हणून त्याची वाढ मूत्रपिंडांबद्दल सांगते. एलडीएल आणि एचडीएल ही कोलेस्टेरॉलची दोन जातींची नावे नव्हेत. कोलेस्टेरॉल एकच, पाण्यात न विरघळणारे असल्यामुळे त्याला रक्तातून न्यायला प्रथिनांची आणि मेदाची वाहने लागतात, आणि ही नावे त्या वाहनांची आहेत.

राहता राहिली चरबी. ती वितळते, झडते, घामावाटे जाते असे आपण सहज बोलतो, पण मेदाम्लेसुद्धा अखेर त्याच दोन कार्बनांच्या तुकड्यांत मोडून त्याच सायट्रिक आम्ल चक्रात शिरतात. त्यांतल्या कार्बनाला बाहेर पडायची मोठी वाट नाक आहे. १० किलो मेद पूर्णपणे अपचयित झाला, तर त्या १० किलोंतले सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून जातात आणि उरलेल्या १.६ किलोंचे पाणी होते.